पारोळला हक्क, नालासोपाऱ्याला कर्ज

२२ जुलै २०२०. नालासोपारा स्थानकात सकाळी हजारो माणसं रुळांवर उतरली. टाळेबंदीला चार महिने होत आले होते. लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी धावत होती आणि बाकीच्यांची सगळी भिस्त असलेल्या एसटी त्या दिवशी सुटल्या नाहीत. आम्हालाही लोकलमध्ये चढू द्या, एवढीच जमलेल्यांची मागणी होती. साथ ऐन भरात असतानाही या माणसांना आणखी एक खाडा परवडणारा नव्हता.

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशातल्या शहरांमधली बेरोजगारी जवळपास २१ टक्क्यांवर गेल्याचं सरकारच्याच पाहणीत दिसलं. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे इथल्या गाळ्यांना कुलपं होती. परराज्यांतल्या कामगारांनी मे महिन्यात श्रमिक गाड्यांसाठी सनसिटी मैदानावर गर्दी केली. ज्यांचं घरच नालासोपारा किंवा विरारमध्ये होतं, त्यांना जायला दुसरं गाव नव्हतं.

सरकार हात बांधून बसलं नव्हतं, हे मान्य करायला हवं. रिझर्व्ह बँकेनं २७ मार्चला रेपो दर ५.१५ वरून ४.४० टक्क्यांवर आणला. कर्जाचे हप्ते आधी तीन महिने आणि मग ऑगस्टअखेरपर्यंत पुढे ढकलायची मुभा मिळाली. हप्ता थांबला तरी व्याज मात्र चढत राहिलं. मे महिन्यात केंद्रानं लहान उद्योगांसाठी तीन लाख कोटी रुपयांची कर्जहमी जाहीर केली. ज्या गाळेवाल्याच्या नावावर फेब्रुवारीअखेर दहा लाखांचं कर्ज होतं, त्याला तारण न ठेवता आणखी २० टक्के, म्हणजे दोन लाख मिळू शकत होते. ते बुडाले तर भरपाई सरकार करणार होतं. यामुळे अनेक धंदे तगले.

पण ज्यानं बँकेचं कर्जच घेतलं नव्हतं, त्याला २० टक्के कशाचे मिळणार? शिवाय कामगारांना हजेरीपत्रकावर ठेवलंच पाहिजे, अशी अट या कर्जाला नव्हती. जर्मनीत मंदी आली की कामाचे तास कमी करून कामगाराला ठेवून घेतात आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचा ६० टक्के भाग, मुलं असतील तर ६७ टक्के, सरकारी विम्यातून देतात. २००९ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये तिथे नोकऱ्या वाचल्या त्यात याचा मोठा वाटा होता. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी एक तरतूद होती. कर्मचारी राज्य विमा योजनेतल्या बेकार कामगाराला सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळणार होती. पण ही योजना दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी. चार-सहा माणसांच्या गाळ्यातला हेल्पर किंवा रोज सकाळी नाक्यावर उभा राहणारा बिगारी तिच्या बाहेरच राहिला.

आता त्याच वसई तालुक्यात महापालिकेची हद्द ओलांडून पारोळला जावं. तिथे ग्रामपंचायत आहे, म्हणून रोजगार हमीचा कायदा लागू होता. लेखी अर्ज केला की पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. २०२०-२१ मध्ये महाराष्ट्रात त्याची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती आणि टाळेबंदीनंतर केंद्रानं या योजनेला ४० हजार कोटी रुपये जादा दिले. मजुरी तुटपुंजी होती, मिळायला उशीरही होई. तरीही जव्हार-मोखाड्याच्या मजुराला काम मागायचा कायद्यानं हक्क होता. जिल्हा तोच, संकट तेच, पण नालासोपाऱ्याच्या मजुराला तो हक्क नव्हता.

हा हक्क मुळात महाराष्ट्राचा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या काही गावांत साठच्या दशकात त्याचा प्रयोग केला होता. मग बहात्तरचा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं खडी फोडत, माती उपसत होती. त्या अनुभवातून १९७७ चा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैसा कुठून आणायचा, याचं उत्तर १९७५ मध्येच शोधलेलं होतं: व्यवसाय कर. मुंबई, ठाणे, वसईतल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तो हाच. गावातल्या कामासाठी शहरानं पैसा द्यावा, या विचाराचा महाराष्ट्रानं अभिमानच बाळगावा.

संकटातून कायदा जन्मल्याचं दुसरं उदाहरण ताजं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि खातेदाराला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची परवानगी मिळाली. बँकेचा बहुतेक पैसा एचडीआयएल या बांधकाम कंपनीत अडकला होता. वसई-विरारच्या वाढीत या कंपनीची नाममुद्रा जागोजागी दिसते. लोक रस्त्यावर आले. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींचं विमा संरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेलं आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ती रक्कम ९० दिवसांत देणं बंधनकारक झालं.

शहरी बेकारीच्या बाबतीत असं झालं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेच्या श्रमविषयक स्थायी समितीनं शहरांसाठी रोजगार हमीची शिफारस केली. राजस्थाननं २०२२ मध्ये शहरात १०० दिवसांच्या कामाची योजना सुरू केली. केरळात तर ती दशकभर आधीपासून होती. अशी हमी दिली तर शहरांकडे लोंढे वाढतील, असा आक्षेप घेतला जातो. पण मुळात गावात हमी असूनही माणूस शहरात येतो, तो अधिक कमाईसाठी. २३८ रुपयांच्या मातीकामासाठी विरारमध्ये घरभाडं भरायला कोण येईल?

आणि कामांचा तुटवडा नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात बुडालं, गाड्या बंद पडल्या, वीज गेली. नाले गाळानं भरलेले आहेत. पावसाचं पाणी साठवणारी वसईची कितीतरी बावखलं बुजत चालली आहेत. त्यांचा गाळ काढणं हे माणसांच्या हातांनी, पावसाळ्याआधी करायचं काम आहे. त्यासाठी मजुरांची नोंद, कामांची यादी आणि पैशाची तरतूद संकट येण्याआधीच तयार लागते. पारोळसारख्या गावात ही तयारी ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयाला कायद्यानं ठेवावी लागली. वसई-विरार शहरात ती कायद्यानं कुणावरच सोपवलेली नाही.