पडेल तिथं मुळं धरणारं झाड

पोरांनो, आज टोमॅटोची गोष्ट सांगतो. साराला, भाजीला, कोशिंबिरीला तो रोज लागतो, म्हणून तो आपल्याच मातीतला वाटतो. पण त्याचं माहेर दूर, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेला आहे. तिथं अँडीज नावाची मोठी पर्वतरांग आहे. पेरू आणि इक्वाडोर या देशांत त्याचे रानटी भाऊबंद अजून उगवतात, आणि त्यांची फळं करवंदापेक्षाही लहान असतात. मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून फळ मोठं केलं. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेलं, आणि पुढे ते आपल्यापर्यंत आलं. फळ बदललं, पण झाडाच्या जुन्या सवयी गेल्या नाहीत. त्या सवयी ज्याला कळल्या, त्याच्या कुंडीतला टोमॅटो निरोगी राहतो.

पहिली सवय लोळण्याची. रानातला टोमॅटो जमिनीवर पसरत जातो आणि खोड मातीला टेकलं की तिथंच मुळं सोडतो. आपल्या रोपाचं खोड नीट पाहा. बुंध्याजवळ बारीक पांढरट गाठी दिसतील. ती मुळंच आहेत, फक्त ओल्या मातीची वाट बघत थांबलेली. म्हणून वाफ्यातलं रोप मोठ्या कुंडीत लावताना खालची पानं खुडायची आणि खोडाचा निम्मा भाग मातीत जाऊ द्यायचा. मिरची-वांग्याला कुणी असं गाडत नाही, टोमॅटोला मात्र ते मानवतं. मुळं वाढली की झाड जास्त पाणी आणि अन्न ओढतं. पंधरा-वीस लिटरची बादली, तळाला भोकं, भुसभुशीत मातीत कुजलेलं शेणखत आणि दिवसाचं सहा तास तरी ऊन, एवढं त्याला हवं. आणि शेजारी काठी लावायची. आपल्या पावसात पानं चिखलाला टेकली, तासन् तास ओली राहिली, की करप्याची बुरशी रुजते. म्हणून पाणीसुद्धा बुंध्याशी घालायचं, पानांवर नाही.

आता पान बोटांत चोळा. उग्र वास येतो, बोटं हिरवट-पिवळी होतात. पानाखोडावर बारीक लव असते. तिच्यातल्या काही केसांच्या टोकाला चिकट रसाची गाठ असते. लहान किडा तिथं आला की गाठ फुटते आणि त्याचे पाय चिकटतात. हा झाला झाडाचा पहारा. पण खरी नवलाई पुढेच आहे.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात क्लॅरेन्स रायन नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1972 मध्ये दाखवलं, की किड्याने टोमॅटोचं एक पान कुरतडलं, तर ज्या पानांना धक्काही लागलेला नाही तीही कामाला लागतात. किड्याचं पचन बिघडवणारं प्रथिन ती बनवू लागतात. एका पानाची जखम साऱ्या झाडाला कळते! पुढे 1990 मध्ये रायन आणि एडवर्ड फार्मर यांनी आणखी एक गंमत पाहिली. सेजब्रश नावाच्या झुडपाच्या फांद्यांशेजारी टोमॅटोचं रोप बंद जागेत ठेवलं, तर झुडपाच्या नुसत्या वासाने रोप सावध झालं. त्या वासातलं द्रव्य होतं मिथाइल जास्मोनेट. आपल्या चमेलीच्या सुगंधातही ते असतं. झाडाला नाक नाही, तरी शेजाऱ्याचा वास त्याला समजतो.

म्हणून पानाला एक भोक दिसलं की लगेच औषधाची बाटली उचलायची नाही. आधी पानाखाली पाहायचं, अळी सापडली तर वेचून काढायची. शेजारी झेंडू लावला तर फळ पोखरणाऱ्या अळीच्या पतंगाची मादी अंडी घालायला त्याच्या फुलांकडे वळते. एका शत्रूपुढे मात्र झाडाचं फारसं चालत नाही. पांढरी माशी एक विषाणू आणते, त्याने पानं मुरडतात आणि वाढ खुंटते. अशा झाडाला उपाय नाही, ते उपटून लांब नेऊन टाकायचं. रोपं कोवळी असताना त्यांच्यावर बारीक जाळी घातली, तर ही वेळ सहसा येत नाही.

मग फुलं येतात, पिवळी, खाली मान घातलेली. एका फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, पण पराग सहज मिळत नाही. पुंकेसर एकमेकांना चिकटून निमुळती नळी करतात, आणि पराग त्या नळीच्या आत असतो. नेहमीच्या मधमाशीला तो काढता येत नाही. येतो तो भुंग्याला आणि निळ्या पट्ट्यांच्या एकट्या राहणाऱ्या माशीला. ती फुलाला पायांनी कवटाळते, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवते, सेकंदाला शेकडो वेळा. गुंजन चढतं, फूल थरारतं आणि पराग टोकाच्या छिद्रातून तिच्या पोटावर सांडतो. युरोपातल्या हरितगृहांत पूर्वी माणसं कंप देणारं यंत्र घेऊन फुलं हलवत फिरत. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून तिथं या कामासाठी गुबगुबीत केसाळ भुंगमाश्या पाळतात. आपल्या गच्चीवर भुंगा येत नसेल, तर सकाळी फुलांच्या देठाला टिचकी मारायची. आणि भुंगे यावेत म्हणून बागेत वाळक्या लाकडाचा एक ओंडका राहू द्यायचा. भुंग्याची मादी त्यातच घर कोरते.

फळ धरलं, की कधी त्याची खालची बाजू काळी पडते. लोक रोग समजून औषध मारतात. पण तिथं कॅल्शियम पोचलेलं नसतं. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं, आणि पानं भरपूर पाणी हवेत सोडत असल्याने बहुतेक त्यांच्याकडे जातं. फळाच्या वाट्याला थोडंच येतं. त्यातच कुंडी दोन दिवस कोरडी, तिसऱ्या दिवशी डबडबलेली असली, की तेवढंही तुटतं. उपाय साधा: पाणी बेताचं आणि नेमाने, मातीवर वाळक्या पाल्याचं आच्छादन आणि युरियाचा मोह नाही.

शेवटी रंग. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा. हवा तिशीच्या वर बराच वेळ राहिली की तो नीट तयार होत नाही, म्हणून एप्रिल-मेमधली फळं पिवळट-नारिंगी राहतात. अशा वेळी फळाला पहिली लाली चढली की तोडून घरात सावलीत पिकू द्यायचं. फळ स्वतःच इथिलीन वायू सोडतं आणि पिकतं.

आता सांगा, यातलं आपण काय केलं? मुळं त्याचीच, पहारा त्याचा, पिकवणारा वायूसुद्धा त्याचाच. आपण त्याची सवय ओळखली आणि आड आलो नाही. या वर्षी तुम्ही प्रत्येकाने एक रोप लावायचं. पाणी घालण्याआधी रोज त्याला नीट पाहायचं, पानाखाली, खोडावर, फुलात. त्याला काय हवं आहे, ते झाडच दाखवतं.