पोटातली आग आणि गोळ्यांची मॅच

नाइट शिफ्ट, कटिंग चहा आणि खिशात अँटासिड! सुप्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या गँगचा हा फिक्स मेन्यू. पोट रिकामं झालं की जळजळ, चार घास खाल्ले की आराम, आणि रात्री दोनला पुन्हा जाग. ‘अ‍ॅसिडिटी आहे रे,’ म्हणून आपण सोडून देतो. पण मंडळी, हा ड्युओडेनल अल्सर, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीला पडलेला व्रण असू शकतो.

पारनेरचा माझा मामा वर्षानुवर्षं रॅनिटिडीनवर होता. गोळी चालू तोवर ठीक, बंद केली की दुखणं हजर! एंडोस्कोपीत व्रण दिसला, तेव्हा मीही थोडा होमवर्क केला.

पहिली खेळाडू सिमेटिडीन, ब्रिटनमध्ये १९७६ साली आली. मग १९८१ मध्ये रॅनिटिडीन. दोन्ही अ‍ॅसिड कमी करतात. १९८८ मध्ये आलेलं ओमेप्राझोल जास्त पॉवरफुल. ते अ‍ॅसिडचा पंपच बंद करतं, व्रण लवकर भरतो.

पण खरा व्हिलन बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. तो शोधणाऱ्या वॉरन आणि मार्शल या ऑस्ट्रेलियन जोडीला २००५ चं नोबेल मिळालं. मार्शल यांच्या टीमनं १९८८ मध्ये १०० पेशंटवरची तुलना छापली. जंतू गेला, त्यांच्यापैकी २१ टक्क्यांना वर्षभरात अल्सर परतला. जंतू राहिला, त्यांच्यापैकी ८४ टक्क्यांना! मामाचं कोडं सुटलं.

म्हणून आज आधी जंतूची टेस्ट, मग अ‍ॅसिड रोखणारी गोळी अधिक दोन अँटिबायोटिक्स, काही वेळा बिस्मथही; कोर्स साधारण १४ दिवसांचा. आपल्याकडे काही अँटिबायोटिक्सना हा जंतू दाद देत नाही, म्हणून कॉम्बिनेशन डॉक्टरच ठरवणार. रॅनिटिडीन तर एनडीएमए या घातक घटकामुळे २०२० मध्ये अमेरिकेनं बाजारातून काढायला लावलं. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते २०२२ मध्ये गेलं.

तोंड कडू झालं म्हणून मामा कुरकुरला, पण कोर्स पुरा केला. नंतरची टेस्ट निगेटिव्ह आली आणि ताटात ठेचा परतला.

लक्षात ठेवा: पेनकिलर्सनीही अल्सर होतो, तेव्हा डोकेदुखीच्या गोळ्या जपून. शी डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त दिसलं किंवा पोटात अचानक असह्य कळ आली, तर मेडिकलवाल्याकडे नाही, थेट हॉस्पिटल गाठा. डेडलाइन थांबेल, रक्तस्राव थांबत नाही!