भाताला सरासरी कळत नाही

देशाची मोसमी पावसाची सरासरी ८७ सेंटिमीटर. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस पडला की हवामान खात्याच्या लेखी तो ‘सर्वसाधारण’. गेल्या वर्षी भात आडवं झालेल्या शेतकऱ्याला हा शब्द थट्टेसारखा वाटतो, आणि विज्ञान त्याच्याच बाजूनं आहे.

हवामानशास्त्रज्ञ बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मध्य भारताच्या १९५१ ते २००० या काळातल्या नोंदी मांडल्या. अतिवृष्टीचे प्रसंग वाढले होते, मध्यम पावसाचे घटले होते. वाढ आणि घट एकमेकींना झाकत होत्या, म्हणून सरासरी हललीच नव्हती! वर्षाचा पगार तेवढाच, पण चार हप्त्यांत हाती आला तर घर कसं चालेल? पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या गटानं २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० पासून मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या.

पाऊस बदलला की पीक दुसऱ्या जिल्ह्यात जातं, असं आपण समजतो. उल्हास खोऱ्यात पिकांचा नकाशा एकाच गावच्या शिवारात हलतो. बदलापूर, वांगणीकडची जमीन पायऱ्यांची. तळच्या, पाणी धरणाऱ्या खाचरात गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं भात, त्यावर मधल्या मुदतीचं निमगरवं, उंच खाचरात लवकर येणारं हळवं, आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी. सप्टेंबरनंतर कुठे किती ओल टिकते, यावर ही उतरंड ठरलेली.

यातली गंमत गरव्या भातात आहे. बरेच जुने गरवे वाण दिवसाच्या लांबीवर फुलतात. आवणी लांबली तरी रात्री मोठ्या झाल्या की ते आपल्या ठरल्या वेळी निसवणार. म्हणजे दाणा भरायचा तो परतीचा पाऊस सरल्यावर. कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय पिढ्यान्‌पिढ्या निवडीतून तयार झालेलं हे घड्याळ!

‘पाऊस बेभरवशाचा, म्हणून लवकर येणारे वाण लावा’ हा सल्ला मला म्हणूनच अर्धवट वाटतो. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचं कर्जत-१८४ हळवं, कर्जत-२ गरवं. दोन्हींना आपापली जागा आहे. साडेतीन महिन्यांचं हळवं भात पाऊस लवकर सरला तरी सुटतं, पण कापणीला येतं ऐन पावसात. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख २०२० मध्ये २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर झाली. हळव्यासाठी हे नऊ दिवस म्हणजे लोळलेलं पीक आणि लोंबीतच फुटलेले कोंब. गरवंही निर्धास्त नाही. ऑक्टोबर २०१९ अखेरच्या पावसानं कोकणभर कापलेलं भात खाचरात भिजवलं.

नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राईस तंत्र वेगळ्या बाजूनं जातं. चिखलणी नाही, आवणी नाही. गादीवाफ्यावर थेट बी टोकायचं. त्यामुळे चिखलणीपुरतं पाणी साचण्याची वाट पाहावी लागत नाही. वाणांच्या जाहिरातींइतकी चर्चा या पद्धतीच्या वाट्याला आली नाही, हे मला खटकतं.

तरीही सगळं पावसाच्या माथी मारू नये. अंबरनाथ-बदलापुरात भात मागे हटलं ते मुख्यतः इमारतींमुळे. भराव पडतो तो बहुधा तळच्या, सपाट खाचरांवर, म्हणजे नेमका गरव्याच्या जागेवर. उरतात उंच खाचरं आणि वरकस. तिथे हळवं किंवा नाचणीच घ्यावी लागते, मग पाऊस कसाही पडो.