एच. आय. व्ही. प्रतिबंधक गोळी : न्यू साउथ वेल्सचा अनुभव

लागण होण्यापूर्वीच औषध घ्यावयाचे, ही कल्पना नवी नाही. हिवतापाच्या प्रदेशात जाणारा प्रवासी प्रतिबंधक गोळ्या घेतो. एच. आय. व्ही. विरुद्धही याच तत्त्वावर आधारलेला उपचार उपलब्ध असून त्यास ‘प्रेप’ असे म्हणतात.

टेनोफोव्हिर व एमट्रिसिटाबिन ही दोन औषधे या गोळीत एकत्र असतात. विषाणू शरीरात शिरला तरी पेशींमध्ये त्याची वाढ होण्याची क्रिया ती रोखतात. ही लस मात्र नव्हे. शरीरात औषधाचे पुरेसे प्रमाण असेतोपर्यंतच संरक्षण मिळते. पुरुषांशी शरीरसंबंध असणारे पुरुष व पारलिंगी स्त्रिया अशा सहा देशांतील २,४९९ व्यक्तींच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले, नव्या संसर्गाचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी आढळले. ज्यांच्या रक्तात औषध प्रत्यक्ष सापडले, त्यांना याहून पुष्कळच अधिक संरक्षण मिळाले होते. जुलै २०१२ मध्ये अमेरिकेत या उपयोगास मान्यता मिळाली.

मान्यता व मनोवृत्ती

परंतु मान्यतेपाठोपाठ स्वीकार आला नाही. गोळी घेणाऱ्या समलिंगी पुरुषांना त्यांच्याच समाजातील काहींनी स्वैराचारी म्हणून हिणविले. एड्सच्या आरंभीच्या काळात ज्यांनी मित्र गमाविले होते, त्यांना निरोधचा वापर सुटेल अशी भीती वाटे. निरोगी माणसाने रोज औषध का घ्यावे, घरात गोळ्यांची बाटली कोणी पाहिली तर आपणास रुग्ण समजेल काय, डॉक्टरांपुढे खाजगी जीवन कसे उघड करावे, अशा शंकांनीही अनेकांचे पाऊल अडले.

शासन व समाज यांचे सहकार्य

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने मार्च २०१६ मध्ये या गोळीचा मोठ्या प्रमाणावर पुरवठा करण्याची योजना हाती घेतली. समलिंगी पुरुषांच्या संस्थांनी प्रचाराचा भार उचलला आणि आठ महिन्यांत ३,७०० जणांनी नोंदणी केली. त्यापूर्वीच्या वर्षी अशा पुरुषांत २९५ नवे रुग्ण आढळले होते. पुढील वर्षी ही संख्या २२१ वर आली. तथापि तरुण आणि परदेशात जन्मलेले पुरुष यांच्यामध्ये ही घट तुलनेने कमी होती. औषध उपलब्ध असणे आणि ते गरजूपर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी होत, हाच याचा बोध होय.

दक्षता

गोळी सुरू करण्यापूर्वी एच. आय. व्ही. नसल्याची तपासणी आवश्यक असते व ती साधारणतः दर तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. मूत्रपिंडाच्या कार्यावरही लक्ष ठेवावे लागते. उपदंश, परमा यांसारख्या गुप्तरोगांपासून ही गोळी संरक्षण देत नाही. म्हणून निरोधचे महत्त्व कायमच आहे.

भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २०२२ साली या उपचाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रौढांमधील संमतीपूर्वक समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला आहे, तर २०१७ च्या कायद्याने एच. आय. व्ही. बाधितांच्या माहितीस गोपनीयतेचे संरक्षण दिले आहे. गावातील आरोग्य कर्मचारी, शिक्षक व अधिकारी यांनी चौकशीस आलेल्या तरुणाची कुचेष्टा न करता त्यास योग्य केंद्राकडे पाठविले, तरच या औषधाचा उपयोग होईल. तिरस्काराने परत फिरलेला मनुष्य सहसा दुसऱ्यांदा विचारावयास येत नाही.