हुसेनसागरच्या काठची शर्यत : ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत, हुसेनसागर तलावाच्या काठच्या रस्त्यांवर फॉर्म्युला ईची शर्यत झाली. २०१३ साली नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन शेवटची धावली. त्यानंतर जागतिक विजेतेपदाची मोटारशर्यत भारतात आली ती जवळजवळ दहा वर्षांनी, आणि तीही विजेच्या गाड्यांची. सचिन तेंडुलकरसारखे पाहुणे आले, वाहिन्यांवर दोन दिवस गाजावाजा झाला. शर्यतीबद्दलच्या ऐकीव गोष्टी मात्र अजून मागे राहिल्यात. २०२५ मध्ये नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर शर्यत घेण्याची घोषणा झाली. तिथल्या गाड्या पेट्रोलच्या, पण शहरातला तात्पुरता ट्रॅक म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न तोच. तेव्हा हैदराबादचं उदाहरण समोर ठेवून या समजुती एकदा तपासून घेऊ.

‘रस्ते तर तयारच असतात, कठडे लावले की झालं’

हैदराबादचा ट्रॅक सुमारे २.८३ किलोमीटरचा, १८ वळणांचा. लुंबिनी पार्क, एनटीआर मार्ग, नवं सचिवालय, प्रसाद आयमॅक्स हा सगळा रोजच्या वर्दळीचा भाग. अशा रस्त्यावर आपली गाडी चालते म्हणून शर्यतीची गाडी चालेल असं नाही. शर्यतीच्या गाडीचं पोट रस्त्यापासून काही सेंटिमीटरच वर असतं. गतिरोधक आणि दुभाजक काढावे लागतात, डांबराचा नवा थर द्यावा लागतो, ड्रेनेजची झाकणं पक्की बसवावी लागतात. गाडी वेगात वरून गेली की खालची हवा झाकण वर खेचते. नुसत्या वजनावर बसलेलं झाकण उडतं, आणि असे अपघात जगात झालेले आहेत.

मग ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना कित्येक टन वजनाचे सिमेंटचे ठोकळे एकाला एक जोडून उभे करतात आणि त्यांच्यावर उंच पोलादी जाळी चढवतात. गाडी सरळ जाऊन आदळण्याची भीती असते अशा वळणांवर धक्का शोषणारे खास अडथळे असतात. कायमच्या सर्किटवर चूक झाली तर गाडी मोकळ्या मैदानात जाते आणि परत येते. इथे मैदान नसतं, थेट भिंत असते. शहरातल्या शर्यतीत चालक भिंतीला चाटून जातो तेव्हा ती हौस नसते. वेगाची रेषाच तिथून जाते.

हे सगळं पहिल्याच फटक्यात जमलं असंही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच ट्रॅकवर इंडियन रेसिंग लीगच्या शर्यती ठेवल्या होत्या. अपघात आणि उशीर यांमुळे त्यातल्या मुख्य शर्यती घेताच आल्या नाहीत. डिसेंबरात लीग पुन्हा तिथे आली. फेब्रुवारीत खुद्द फॉर्म्युला ईच्या वेळी सराव सुरू होण्याआधी शहरातल्या नेहमीच्या गाड्या ट्रॅकवर शिरल्याच्या बातम्या आल्या. रोज ज्या रस्त्यानं कचेरीत जातो तो आज बंद आहे, हे सगळ्यांच्या गळी उतरवणं डांबर घालण्याइतकंच अवघड असावं.

त्या वेळी सचिवालयाचं उद्घाटन व्हायचं होतं, आणि शेजारी डॉ. आंबेडकरांच्या १२५ फुटी पुतळ्याचं काम चालू होतं. तो घडवला धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार यांनी. १४ एप्रिलला, म्हणजे शर्यतीनंतर दोन महिन्यांनी, त्याचं अनावरण झालं. आज तिथे गेलात तर पुतळा दिसेल, ट्रॅक दिसणार नाही.

‘आवाज नाही, तर मजा कसली?’

आवाज असतो. आयोजक तो सुमारे ८० डेसिबल सांगतात, म्हणजे साध्या पेट्रोल गाडीपेक्षा थोडा जास्त. सूर मात्र वेगळा : मोटर आणि गिअरची चढत जाणारी किंचाळी, वळणावर टायरची घासाघीस, भिंतीला चाक लागलं तर एक कोरडा ठोका. पेट्रोलच्या इंजिनाखाली हे बारीकसारीक आवाज दडपून जातात, इथे ते सुटे सुटे ऐकू येतात. ब्रेक केव्हा लागला हेसुद्धा कानाला कळतं. छातीत धडधडणारा इंजिनाचा गडगडाट हवा असेल तर मात्र ही शर्यत तुमच्यासाठी नाही. तशी आवड असण्यात गैर काहीच नाही. एक फायदा निर्विवाद आहे. लहान पोराला कानात बोळे न घालता नेता येतं, आणि शेजाऱ्याशी बोलत बोलत शर्यत बघता येते.

‘बॅटरी संपली की गाडी बदलतात’

हे एके काळी खरं होतं. १३ सप्टेंबर २०१४ रोजी बीजिंगमध्ये पहिली शर्यत झाली तेव्हा एका बॅटरीत शर्यत पुरी होत नसे. चालक मध्येच पिटमध्ये येऊन उडी मारून दुसऱ्या गाडीत बसे. विजेच्या गाडीची ती जाहिरात नव्हती, उलटी जाहिरात होती! २०१८ च्या अखेरीस दुसऱ्या पिढीची गाडी आली आणि तो प्रकार संपला. हैदराबादेत तिसऱ्या पिढीची गाडी धावली. तिला बॅटरीतून वापरायला मिळते जास्तीत जास्त ३८.५ किलोवॉट-तास ऊर्जा. वीजबिलाच्या भाषेत साडेअडतीस युनिटं. तेवढ्यावर नव्वदेक किलोमीटर, तेही शर्यतीच्या वेगानं.

हे साधतं ब्रेकमुळे. या गाडीत दोन मोटरी असतात. मागची ओढतेही आणि ब्रेक लावताना वीजही बनवते. २०२३ च्या गाडीत पुढची मोटर ओढत नव्हती, तिचं काम फक्त ब्रेकच्या वेळी वीज बनवणं. पुढून २५० आणि मागून ३५० असे ६०० किलोवॉटपर्यंत परत मिळतात, आणि शर्यतीत गाडी ओढायला परवानगी असते ३०० किलोवॉटची. म्हणजे पळण्यापेक्षा थांबण्याची ताकद दुप्पट. शर्यतीत खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी ४० टक्क्यांहून अधिक अशी परत आलेली असते, असा दावा आहे. मुंबईची लोकल स्टेशनात शिरताना ब्रेक लावून वीज वरच्या तारेत परत सोडते, ती याच तत्त्वावर. फरक एवढाच की लोकलची वीज दुसऱ्या गाडीच्या कामी येते आणि इथली आपल्याच बॅटरीत जाते.

म्हणून स्टँडमध्ये बसल्यावर ब्रेकच्या जागेकडे बघावं. सरळ रस्त्यावर गाडी सुसाट येते आणि वळण अजून बऱ्याच अंतरावर असताना चालक अचानक पाय उचलतो. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, तो वीज वाचवत असतो. पाय कुठे उचलायचा, किती अंतर नुसतं घरंगळत जायचं, मागचा घुसणार नाही एवढंच दार कसं उघडं ठेवायचं, हा सगळा हिशेब तो भिंतीपासून हातभर अंतरावर करत असतो. पुढे राहणाऱ्याला हवा एकट्यानं कापावी लागते, मागच्याला तेवढी कापावी लागत नाही. त्यामुळे कधी कधी पुढे जायची संधी असूनही कोणी पुढे जात नाही. हे भित्रेपणाचं लक्षण नव्हे.

हैदराबादची शर्यत याच हिशेबावर फिरली. ज्याँ-एरिक व्हेर्न पुढे होता, निक कॅसिडी अगदी मागे, आणि कॅसिडीकडे वीज जास्त शिल्लक होती. कागदावर कॅसिडीनं जिंकायला हवं होतं. व्हेर्ननं वळणावळणावर नेमकी तीच जागा अडवली जिथून पुढे जाता आलं असतं, आणि अर्ध्या सेकंदाहूनही कमी फरकानं शर्यत मारली. सेबॅस्टियन ब्युएमी रेषेवर तिसरा आला होता. त्यानं ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पॉवर वापरल्याचं निघालं, त्याला शिक्षा झाली, आणि आपली शंभरावी शर्यत धावणारा आंतोनियो फेलिक्स दा कॉस्ता तिसरा ठरला. गुपचूप जास्त वीज ओढायची सोय या खेळात नाही, सगळं मोजलं जातं.

याच ओघात ‘अटॅक मोड’चं बघू. त्यात जादा बॅटरी मिळते, असं बऱ्याच जणांना वाटतं. मिळते ती पॉवर, ३०० ऐवजी ३५० किलोवॉट. वीज तेवढीच राहते, फक्त लवकर संपते. शिवाय ते चालू करायला नेहमीची रेषा सोडून बाहेरच्या बाजूला आखलेल्या पट्ट्यावरून जावं लागतं, म्हणजे आधी वेळ गमवा आणि मग कमवा. हैदराबादेत असे दोन वापर मिळून प्रत्येकाला चार मिनिटं होती. प्रेक्षकांच्या मतांवर जादा पॉवर देणारा ‘फॅनबूस्ट’ त्या मोसमाआधीच बंद झाला होता. बरं झालं. शर्यतीच्या मध्ये चार्जिंग होत नाही, हा समज मात्र आता जुना झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये जेद्दाहच्या शर्यतीपासून काही शर्यतींत अर्ध्या मिनिटाचं जलद चार्जिंग सुरू झालंय.

‘फॉर्म्युला वनच, फक्त विजेवरची’

नाही. मोनाकोत दोन्ही शर्यती आता एकाच ट्रॅकवर होतात, त्यामुळे तुलना सोपी आहे. २०२४ मध्ये तिथल्या पात्रता फेरीत फॉर्म्युला वनची सर्वात जलद फेरी साधारण ७० सेकंदांची होती, फॉर्म्युला ईची साधारण ९० ची. फरक मोठा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. फॉर्म्युला ईत टायर बदलायचे थांबे नाहीत. गुळगुळीत टायरही नाहीत, ऊन-पाऊस दोन्हींसाठी एकच खाचांचा टायर. तेव्हा पिटसमोरचं महागडं तिकीट काढून टायर बदलण्याचा थरार बघायला बसलात, तर पैसे वाया गेले असं समजा.

‘तिकीट काढलं की शर्यत दिसते’

तात्पुरत्या ट्रॅकवर कुठूनही पूर्ण शर्यत दिसत नाही. इमारती, झाडं, उड्डाणपूल मध्ये येतात आणि समोर जाळी असते. फेरी एक-दीड मिनिटाची, तीत गाड्या तुमच्यासमोर काही सेकंदच. म्हणून जागा निवडताना दोन गोष्टी बघाव्यात. मोठा पडदा दिसतो का, आणि समोर कडक ब्रेक लागणारं वळण आहे का. सरळ रस्त्यासमोरच्या जागेवरून नुसते रंग सर्रकन जाताना दिसतात. हेअरपिनला, म्हणजे गाडी जवळजवळ उलटी फिरते अशा वळणाला, मात्र गाड्या जवळजवळ थांबतात, एकमेकांत घुसतात, आणि शर्यतीचा निकाल तिथेच लागतो. हैदराबादेत हेअरपिनलाच सॅम बर्ड आपल्याच संघाच्या मिच एव्हान्सवर जाऊन आदळला. एव्हान्सनं सकाळी पहिली जागा पटकावली होती. एका झटक्यात दोन्ही जॅग्वार बाहेर. जॅग्वारची मालकी टाटांकडे असल्यामुळे अनेक भारतीय प्रेक्षक त्याच संघाच्या मागे होते. महिंद्राच्या ऑलिव्हर रोलंडनं सहावा क्रमांक मिळवून थोडी लाज राखली.

हैदराबादेत सर्वात स्वस्त तिकीट हजार रुपयांचं होतं. एवढ्या पैशात पूर्ण दिवस मिळतो हे अनेकांना ठाऊक नसतं. सकाळी सराव आणि पात्रता फेरी, दुपारी ३ वाजता शर्यत. पात्रता फेरी चुकवू नये. चालकांचे गट पाडून प्रत्येक गटातले पहिले चार निवडतात, मग दोघादोघांच्या बाद फेऱ्या होतात, आणि ट्रॅकवर अडथळ्याविना एकटी धावणारी गाडी नीट बघायची ती हीच वेळ. शर्यत पाऊण तासाच्या आसपास आटोपते.

गाडी घेऊन जाण्याचा विचारही करू नका. जे रस्ते एरवी तुम्हाला तिथे पोचवतात, त्यांवरच शर्यत असते. हैदराबादला खैरताबाद मेट्रोनं जाऊन पुढे चालणं हाच शहाणपणा होता. ट्रॅकच्या आतली आणि बाहेरची बाजू वेगळी असते, पलीकडे जायला तात्पुरते पूलच असतात, त्यामुळे आपलं प्रवेशद्वार कोणत्या बाजूला आहे हे घरीच बघून निघावं. फेब्रुवारीतही दख्खनचं दुपारचं ऊन लागतं, टोपी बरोबर असावी.

‘प्रदूषण शून्य, म्हणून शहराला फुकटचा फायदा’

गाडीच्या नळकांड्यातून धूर येत नाही, कारण नळकांडंच नाही. पण या मालिकेच्या एकूण कार्बनमध्ये सर्वात मोठा वाटा मालवाहतुकीचा असतो. गाड्या, सुटे भाग आणि सामान खंडाखंडांतून फिरतं. कार्बन कमी करायला शक्य तिथे विमानाऐवजी जहाज वापरतात, चार्जिंगच्या जनित्रांत आधी ग्लिसरीन आणि पुढे वनस्पतिजन्य इंधन वापरलं, आणि उरलेलं उत्सर्जन इतर प्रकल्पांना पैसे देऊन भरून काढतात. ‘नेट झिरो’ म्हणतात ते हे. प्रयत्न प्रामाणिक असतील, तरी ‘शून्य’ हा शब्द जरा सढळ हातानं वापरला जातो असं माझं मत. मला ही शर्यत आवडते ती खेळ म्हणून. तिला पर्यावरणाच्या बिल्ल्याची गरज नाही.

आणि फुकट तर काहीच नाही. रस्ते, कठडे, बंदोबस्त यांचा भार शहरावर पडतो. तेलंगणात सत्ता बदलली आणि ५ जानेवारी २०२४ रोजी आयोजकांनी फेब्रुवारीतली दुसरी शर्यत रद्द केली. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी झालेला करार पाळायचा नाही असं राज्याच्या नगरविकास खात्यानं ठरवलं, हे त्यांनी दिलेलं कारण. परदेशी आयोजकांना दिलेल्या सुमारे ५५ कोटी रुपयांवरून डिसेंबर २०२४ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं गुन्हाही नोंदवला. शर्यत रद्द झाली त्या २०२४ च्या मोसमात मुंबईचा जेहान दारूवाला मसेरातीच्या गाडीत बसून फॉर्म्युला ई खेळत होता. हैदराबादची शर्यत रद्द झाल्यामुळे घरच्या प्रेक्षकांसमोर धावायची त्याची संधी गेली. त्या वर्षी मार्चमध्ये मालिका पहिल्यांदाच टोकियोला गेली. तिथल्या स्टँडमध्ये भारतातून कोणी बसलं असेल, तर त्यानं हजार रुपयांच्या तिकिटाची आठवण नक्कीच काढली असेल.