मोरीतले पाणी कोठे जाते?

गतवर्षी सृष्टिज्ञानाच्या तासास एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, “गुरुजी, मोरीतले पाणी शेवटी जाते कोठे?” “नदीला,” एवढेच सांगून आम्ही पुढचा धडा आरंभिला. उत्तर खोटे नव्हते, परंतु अपुरे होते. ते आज येथे पुरे करीत आहोत.

आपले सावनेर कोलार नदीच्या काठी वसले आहे. कोलार कन्हानेस मिळते व कन्हान वैनगंगेस. म्हणजे आपल्या दारातून गेलेले पाणी पुढे दुसऱ्या कोणाच्या तरी दारी पोहोचतेच.

नदी हे पाणी स्वतः शुद्ध करीत नाही काय? करते, पण तिच्या शक्तीस मर्यादा आहे. पाण्यातील सूक्ष्म जंतू मळ खातात व खाताना प्राणवायू वापरतात. 30 अंश उष्णतेच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. उलट, एक लिटर सांडपाण्यातील मळ पचविण्यास सुमारे 200 मिलिग्रॅम लागतो. म्हणजे एक बादली सांडपाणी पंचवीसहून अधिक बादल्या पाण्याचा प्राणवायू संपवू शकते! उन्हाळ्यात प्रवाह रोडावला की मासे मरतात व पाण्यास दुर्गंधी सुटते, त्याचे कारण हेच.

शुद्धीकरण केंद्रात नदीचेच काम थोड्या जागेत व थोड्या वेळात करवून घेतात. प्रथम जाळीने चिंध्या व कचरा अडवितात, नंतर रेती खाली बसू देतात. मग मोठ्या टाकीत पाण्यातून हवा खेळवितात. तेथे जंतू मळ खाऊन वाढतात. पुढच्या टाकीत ते गाळरूपाने तळाशी बसतात व वरचे निवळ पाणी काढून घेतात. शेवटी क्लोरीनसारख्या द्रव्याने रोगजंतूंचा नाश करितात.

ही रीत अर्डर्न व लॉकेट या संशोधकांनी 1914 साली मँचेस्टर येथे प्रसिद्ध केली. प्रथम त्यांस पाणी शुद्ध होण्यास पाच आठवडे लागले. परंतु तळाचा गाळ न फेकता त्यावरच नवे सांडपाणी घातले, तेव्हा तेच काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. टाकाऊ वाटणारा गाळच खरा कामकरी ठरला!

आपल्या नागपुरास भांडेवाडी येथे असे मोठे केंद्र आहे. सावनेरच्या वाटेवरील कोराडी वीजकेंद्रास दररोज 13 कोटी लिटर शुद्ध केलेले सांडपाणी देण्याची योजना तेथे उभी राहिली. विजेसाठी पिण्याचे पाणी खर्चू नये, हा तिचा हेतू होय. लहान गावांकरिता नागपूरच्याच ‘नीरी’ संस्थेने ‘फायटोरिड’ नावाची सोपी रीत काढली आहे. तीत खडीच्या वाफ्यांत कर्दळ, पाणकणीस अशी झाडे लावून त्यांतून सांडपाणी झिरपवितात.

परंतु जंतू व झाडे सजीव आहेत, हे विसरता कामा नये. हवा बंद पडली तर जंतू गुदमरतात; तेलाने, रंगाने वा तीव्र रसायनांनी ते मरतात; प्लॅस्टिकने जाळ्या तुंबतात. केंद्र बांधणे हे नगरपालिकेचे काम खरे, पण ते जिवंत ठेवणे प्रत्येक घराच्या मोरीपासून सुरू होते. म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, तळणाचे उरलेले तेल मोरीत ओतू नये व घरपट्टी वेळेवर भरावी. आणि मुलाने हा प्रश्न घरी विचारला, तर आमच्यासारखे घाईचे उत्तर देऊ नये. त्यास हाती धरून नदीकाठी न्यावे व पाणी दाखवावे.