जिवाणूंचे कवच आणि वाफाळती पेज

आजोबांना जुलाब होतात, डॉक्टर प्रोबायोटिकची पुडी लिहून देतात, आणि घरची माणसे ती वाफाळत्या पेजेत ढवळून मोठ्या मायेने भरवतात. हे मी वारंवार पाहतो. पुडीतील जिवाणू जिवंत राहिले तरच त्यांचा उपयोग. आणि लॅक्टोबॅसिलस जातीचे बहुतेक जिवाणू ६० अंश सेल्सिअसच्या पुढे फार काळ तग धरत नाहीत. (कढी रुचकर खरी, पण तिच्यात जिवंत विरजण शोधू नये.)

पुढे जठरातील तीव्र आम्ल असते. त्यातून सुखरूप पार पडावे म्हणून काही उत्पादनांत जिवाणूंना सूक्ष्म कवच घालतात; यालाच मायक्रोएनकॅप्सुलेशन म्हणतात. तपकिरी सागरी शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या द्रावणात जिवाणू मिसळतात व त्याचे बारीक थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडतात. क्षणात जेलीसारखे मणी तयार होतात. आम्लात ते आकसून घट्ट राहतात. आतड्यात आम्लता ओसरली की फुगून विरू लागतात आणि जिवाणू मोकळे होतात. युक्ती सुंदर आहे, पण तिच्या भरवशावर उकळत्या दुधात पुडी टाकू नये.

गार किंवा जेमतेम कोमट पाण्यात, नाहीतर ताज्या ताकात ती द्यावी. वेष्टनावर फ्रिजमध्ये ठेवण्याची सूचना असल्यास पाळावी. जुलाबात जलसंजीवनीला मात्र ही पुडी पर्याय नव्हे. आणि रुग्णाची केमोथेरपी चालू असेल, प्रतिकारशक्ती क्षीण असेल किंवा मोठ्या शिरेत नळी बसवलेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून पुडी उघडूच नये. अशा रुग्णांत क्वचित हेच जिवाणू रक्तात शिरतात.